चिमूटभर चुनी

खालाकडे खोली बघायला गेले तेव्हा ती अंगणात बसून शेळ्यांचं खाणं खात होती. पोटभर नव्हे, चिमूटभरच. सुपातली तूरचुनी जिभेवर ठेवून, डोळे मिटून ती सावकाश चावत होती, आणि ते डोळे उघडेपर्यंत मला दारात ताटकळावं लागलं. मग बाजूला थुंकून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "धुळीचा तरास हाय का तुला?"

"आहे," मी म्हटलं. "शिंका येतात."

"मग तुला इथं जमायचं न्हाई. आलीच हायस तर खोली बघून जा."

मी खोली घेतली. हौसेनं नव्हे. त्या दिवसांत लातुरात खोली मिळणं हे मेडिकलला नंबर लागण्याइतकंच कठीण होऊन बसलं होतं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं गाद्यांच्या वळकट्या घेऊन उतरत होती आणि लोक त्यांच्यासाठी न्हाणीघरावर माळे टाकत होते. मी भोकरकडची, एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला आलेली. शिंकत शिंकत मी त्या घरात कितीतरी वर्षं काढली.

सगळी गल्ली तिला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. तोंडावर मीही तिला 'तुम्ही' म्हणायचे, पण आज लिहायला बसले तर 'त्या' असं काही केल्या लिहवत नाही. मावशीला कोण 'त्या' म्हणतं?

तिचा नवरा एका डाळ मिलमध्ये हमाल होता. मिलमध्ये तूर खालून वर चढवायला एलिव्हेटर असतो, म्हणजे पट्ट्यावर बसवलेले डबे. त्याच्या बुडाशी खड्डा असतो. डब्यांतून सांडलेलं, फुटलेलं, किडलेलं, टरफलं, माती, सगळं त्या खड्ड्यात साचत जातं आणि वेळच्या वेळी उपसलं नाही तर पट्टा अडतो. नवरा गेल्यावर खड्डा उपसायचं काम खालानं मागून घेतलं, आणि मजुरीच्या बदली त्यातला माल घरी आणायची परवानगी. मिलवाले त्याला कचरा म्हणायचे. खाला माल म्हणायची. कुणी तिच्यासमोर कचरा म्हटलं की ती त्या माणसाकडे नुसती बघायची, आणि पुढच्या वाक्यात तोही माल म्हणायला लागायचा.

त्या मालाचं ती जे करायची ते बघण्यासारखं होतं. एका चाळणीनं माती काढायची, दुसरीनं खडे आणि सुतळीचे तुकडे. कुठल्याशा फुटक्या लाउडस्पीकरातलं लोहचुंबक तिनं दोरीला बांधलं होतं. ते सगळ्या मालातून फिरवायची आणि त्याला चिकटलेले खिळे एका डबड्यात टाकायची. गवताचं बारीक बी कोंबड्यांना. बुरशीचं ढेकूळ दिसलं की ते आणि त्याच्या आजूबाजूचं ओंजळभर थेट उकिरड्यावर. उरायची ती चुनी, म्हणजे तुरीची कणी आणि टरफलांचा चुरा. ती ज्वारीच्या कोंड्यात कालवायची, वर मिठाचा हात फिरवायची, आणि तरीही शेळ्यांना आधी भुसाच घालायची.

"चुनी म्हंजे सणाचं जेवण," ती म्हणायची. "रोज पोटभर दिलं तर फुगून मरतील. त्यांना न्हाई कळत. आपल्यालातरी कुठं कळतंय म्हणा."

शेजारच्या घरात मुलं राहायची, बारावीची. परीक्षा जवळ आल्या की त्यांचं पाठांतर आणि शेळ्यांचं ओरडणं यांची जुगलबंदी चालायची. एकदा त्यातला एक तक्रार घेऊन आला की शेळ्यांमुळे अभ्यास होत नाही. खाला चाळणी थांबवून म्हणाली, "बेटा, त्या कधी तुझ्या ओरडण्याबद्दल बोलल्या का मला?" पोरगं परत गेलं. संध्याकाळी तिनंच त्याच्यासाठी शेळीचं दूध पाठवलं.

पण तिचं खरं वेड दावणीवर दिसायचं. अंगणाच्या मागं पत्र्याचा लांब गोठा होता आणि त्यात दोन दावणी होत्या. उजवीकडच्या शेळ्या तिच्या स्वतःच्या. डावीकडच्या 'शेळीवालीच्या'. नवं पोतं आलं की ती आधी स्वतः चिमूटभर खायची. मग उजवीकडे घालायची. डावीकडच्यांना त्या दिवशी नुसता भुसा. नवी चुनी दुसऱ्या दिवशी सकाळी, उजवीकडच्या सगळ्या धड उभ्या आहेत हे बघून झाल्यावर. सुरुवातीला मला वाटलं, आपल्या शेळ्यांना आधी खाऊ घालते, परक्यांच्यांना उपाशी ठेवते. माणसाचं मन असंच आधी वाकडं धावतं.

शेळीवाली कोण, हे तिनं मला सांगितलं ते माझी शिंक थांबायची वाट बघत, चाळता चाळता.

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दवाखाना खालाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. औशाच्या बाजूनं ट्रक, जीप, ट्रॅक्टर, जे मिळेल त्यात माणसं भरून येत होती. एका ट्रकमधून एक बाई उतरवली. कंबर मोडलेली, एक हात फडक्यात बांधलेला, केसांत माती. दुसऱ्या हाताला दोरी आणि दोरीला शेळी. घर पडलं तेव्हा शेळी बाहेर होती म्हणून वाचली होती, आणि बाईनं दोरी सोडायला साफ नकार दिला होता. ट्रकवाल्यांनी वैतागून शेळीसकट तिला आणलं. दवाखान्याच्या दारात मात्र तिढा पडला. माणसांनाच आत जागा नव्हती.

"मी पाणी वाटून राहिली होती तिथं," खाला म्हणाली. "बाईला म्हणलं, माझ्याजवळ दे. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणलं, अमानत हाय तुझी. बरी हो अन् घेऊन जा. मग सोडली तिनं दोरी."

अमानत म्हणजे विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू. ती वापरायची नसते, बदलायची नसते, आणि मागायला येईल त्या दिवशी जशीच्या तशी द्यायची असते. खालानं दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बघितलं तर बाईला सोलापूरला हलवलं होतं. नाव ना गाव. त्या गर्दीत कुणी कुणाला काय विचारणार होतं?

मी राहायला गेले तेव्हा ती मूळची शेळी जिवंत होती. दात पडलेले, तिला चुनी भिजवून द्यावी लागायची. बाकीच्या तिच्या पोरी आणि नाती. त्यांचं दूध खाला घरात घ्यायची नाही, शेजारपाजारच्या लेकरांना वाटायची. बोकड विकले की ते पैसे डावीकडच्या पत्र्यावर आणि पाण्याच्या हौदावरच खर्ची पडायचे. उजवीकडचा पत्रा गळायचा तो गळायचाच.

"तुम्ही एकदा त्या गावांत जाऊन शोधत का नाही?" मी विचारलं होतं.

"मालक शोधत येतो, बाई. अमानत शोधत जात न्हाई."

उत्तर रुबाबदार होतं, पण पटणारं नव्हतं. असल्या बाबतीत ती हट्टी आहे एवढंच म्हणून मी सोडून दिलं.

एका पावसाळ्यात मिलच्या खड्ड्यात पाणी शिरलं. आतला माल कुजला. घरातली चुनी संपत आली तेव्हा कुणीतरी खालाला एका गोदामाचं नाव सांगितलं, तिथं पोती हलवून खाली सांडलेला माल देत होते. तिनं एक पोतं आणलं. माल दिसायला कोरडा, स्वच्छ. नेहमीप्रमाणे चाळला, चुंबक फिरवलं, चिमूटभर तोंडात टाकला, मग उजवीकडे घातला. पण त्या आठवड्यात तिला जबर सर्दी होती. नाक बंद, जिभेला चव नाही. गोदामात किडीसाठी पावडर मारली होती आणि ती झाडताना मालात आली होती, ते तिला कळलं नाही.

दुपारी खालाला उलट्या सुरू झाल्या. मी क्लासवरून आले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा मुलगा रिक्षा आणायला धावला होता. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, तिथं तिला वाचवलं. परत आलो तोवर उजवीकडची दावण आडवी झाली होती. तोंडाला फेस, पाय ताठ. एकही वाचली नाही. डावीकडच्या शेळ्या रिकाम्या टोपल्यांपुढे भुकेनं ओरडत उभ्या होत्या.

खाला गोठ्याच्या दारात धरून धरून आली. आधी डावीकडे बघितलं. म्हणाली, "तिच्या वाचल्या." मग उजवीकडे जाऊन एकेकीच्या कानावर हात ठेवत, एकेकीला नावानं हाक मारत ती रडली. त्या आवाजाची आठवण आजही नकोशी वाटते.

मला तिचा भयंकर राग आला होता. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणावर उठून बसली तेव्हा मी बोललेच. "शेळ्यांचं सोडा. तुमचं बरंवाईट झालं असतं तर? दुसऱ्याच्या जनावरासाठी कुणी स्वतः विष चाखतं का?"

"मी माझीच हाय," ती म्हणाली. "माझ्या शेळ्या बी माझ्याच होत्या. आपलं गेलं तर रडता येतं. दुसऱ्याचं गेलं तर काय करायचं?"

मी उठून तिच्यासाठी पेज करायला घेतली.

मुलाचं झेरॉक्सचं दुकान होतं, क्लासेसच्या रस्त्याला. तशी दुकानं तिथं दर दहा पावलांवर झाली आणि त्याचं चालेनासं झालं. खालाचे गुडघे गेले, खड्ड्यात उतरणं बंद झालं. आता चुनी विकत आणावी लागायची. घरात उत्पन्न म्हणून माझं भाडं तेवढं. गोठ्याच्या जागेवर चार खोल्या निघाल्या असत्या आणि भिंती पूर्ण व्हायच्या आत पोरं राहायला आली असती. मुलगा वाईट नव्हता. त्यानं आईला कधी आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं नाही. पण एक दिवस तो गोठ्यात उजवीकडच्या रिकाम्या दावणीपाशी उभा राहून म्हणाला, "अम्मी, आता ह्या घरात आपलं काय हाय? भिंती आपल्या अन् खाणारी तोंडं दुसऱ्याची. ती बाई जित्ती असती तर आली नसती का?"

खाला चाळणी हलवत राहिली, पण चाळणीत काही नव्हतं.

तेव्हा मला तिच्या त्या रुबाबदार उत्तराचा अर्थ लागला. ती शोधायला गेली नव्हती कारण गेली असती तर कळलं असतं. जोवर कळत नव्हतं तोवर शेळीवाली सोलापूरच्या कुठल्यातरी खाटेवर बरी होत होती.

त्या हिवाळ्यात म्हातारी शेळी गेली. खालानं तिला अंगणातच पुरायला लावलं. आठ-पंधरा दिवस तिचं कशात लक्ष नव्हतं. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, "बाई, तुला सुट्टी कधी हाय?"

पुढच्या रविवारी आम्ही शेळीवालीला शोधायला निघालो. मुलानं कुणाचीतरी जीप मिळवली होती. खालाच्या मांडीवर चुनीची पिशवी होती, निवडून, चाळून, चाखून घेतलेली. भूकंपानंतर वसवलेली ती गावं मी पहिल्यांदाच बघत होते. सरळ रस्ते, सारखी घरं, दारांवर नंबर. एवढी मोकळी गावं आणि कुणी पारावर बसलेलं दिसेना. पारच नव्हता.

खाला दारात शेळी दिसेल त्या घरी थांबायची. "लातूरची चुनी हाय, घालून बघा," म्हणून ओंजळभर चुनी बाईच्या हातावर द्यायची आणि बघत उभी राहायची. बाया चुनी शेळीपुढे टाकायच्या, चहाचं विचारायच्या. खाला नको म्हणायची आणि पुढच्या दाराला जायची. दोन गावं अशीच झाली. मला राहवेना.

"अहो, सरळ विचारा ना, कुणाची शेळी लातूरला राहिली का म्हणून."

"शेळ्या द्यायच्या हायत म्हणलं तर समदं गाव हो म्हणंल. अन् का म्हणू नये? गरज समद्यांनाच हाय."

"मग ओळखणार कसं?"

तेव्हा तिनं ते सांगितलं. दवाखान्याच्या दारात तिनं त्या बाईच्या हातून दोरी घेतली, ती आधी एक गोष्ट झाल्यावर. शेळी दोन दिवसांची उपाशी होती म्हणून खालानं घरून मूठभर चुनी आणली होती. शेळीनं तोंड पुढे केलं, तर बाईनं बांधलेल्या हातानंच ते बाजूला सारलं. चिमूटभर चुनी उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. मग मान हलवली आणि शेळीला खाऊ दिलं.

"कंबर मोडलेली, घर मातीत, माणसं गेलेली," खाला म्हणाली. "अन् आधी स्वतः खाऊन बघून राहिली. त्याच्या आधी मी कधी चाखलं नव्हतं, बाई. तिची शेळी, तिची रीत."

मी शिंकायचंसुद्धा विसरले.

तिसऱ्या गावात उन्हं कलली होती. शेवटच्या रांगेत एका घराच्या ओट्यावर तिशीची एक बाई शेंगा निवडत होती, दारात एक मरतुकडी शेळी. खालानं चुनी दिली. बाईनं ती हातावर पसरून बघितली. मग चिमूटभर उचलून तोंडात टाकली. चावताना तिचे डोळे मिटले. बाजूला थुंकून ती म्हणाली, "चांगली हाय. जरा दमट वाटती."

खाला ओट्यावर बसली. "कुणी शिकवलं तुला?"

"सासूनं. काय बी आणलं तरी आधी स्वतः खायाची. म्हणायची, आपल्या जिभंला चालंना ते मुक्या जिवाला कसं चालंल? तिचं बघून आमालाबी सवय लागली."

"कुठं हाय ती?"

"न्हाई ना. भूकंपात कंबर मोडली. सोलापूरला नेलं, तिथंच गेली, आठ दिसात." बाई शेंगांकडे बघत बोलत होती. "शेवटपत्तर एकच धोशा. लातूरला एका बाईकडं माझी शेळी हाय, आणा म्हणून. आमाला वाटलं ताप डोक्यात गेलाय. घरची माणसं गेलेली, शेळीचं कोण बघतंय?"

खालानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. म्हणजे शेळीवाली त्याच आठवड्यात गेली होती, आणि त्यानंतरची सगळी वर्षं खाला एका मेलेल्या बाईच्या शेळ्यांना आधी चाखून घालत होती. मला भीती वाटली की आता ही कोसळणार. तिनं चुनीच्या पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "ताप न्हाई गेला डोक्यात. खरं बोलून राहिली होती ती."

पुढच्या रविवारी टेम्पोतून शेळ्या गेल्या. मीही सोबत होते. सून दारात उभी होती, आजूबाजूच्या बाया जमलेल्या. शेळ्या एकेक करून उतरायला लागल्या तशी सुनेच्या चेहऱ्यावर भीतीच उमटली.

"आमची एक होती," ती म्हणाली. "मी एकच घेणार."

"एकीच्याच ह्या समद्या," खाला म्हणाली.

"खाऊ तुमी घातलं."

"खाऊ घातलं म्हणून माझ्या होत न्हाईत. असं असतं तर मग अमानत कशाला म्हणतात?"

दोघीही हट्टाला पेटल्या. एक घेईना, दुसरी नेईना. टेम्पोवाला घड्याळ बघत होता. शेवटी सुनेनं सगळ्या दोऱ्या हातात घेतल्या, त्यातली एक पाठ, म्हणजे अजून एकदाही न व्यालेली कोवळी शेळी, निवडली आणि तिची दोरी खालाच्या हातात परत दिली.

"ही तुमच्याकडं असू द्या."

"मला बक्षीस नको," खाला म्हणाली.

"बक्षीस न्हाई. आमची अमानत म्हणून ठिवा. मी येईन कधीतरी न्यायला."

खालानं दोरीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि दोरी मनगटाला गुंडाळली. परतीच्या वाटेवर पाठ तिच्या पायाशी बसून होती. औसा मागं पडेपर्यंत खाला तिच्या कानावर हात ठेवून होती. मग नुसतं म्हणाली, "आता मरता बी येत न्हाई, बाई." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं.

गोठ्याच्या जागी खोल्या उठल्या. वळकट्या घेऊन पोरी राहायला आल्या. मुलानं एका कोपऱ्यात शेळीपुरता पत्रा ठेवला, खालानं सांगायच्या आत. पाठ पोरींच्या सायकलींमध्ये उभी असायची आणि पाठांतर ऐकायची.

उजवीकडची दावण आता नव्हती. नव्या पोत्याची परीक्षा घ्यायला मधे दुसरं कुणी उरलं नव्हतं. खाला पोतं उघडायची, चाळायची, चुंबक फिरवायची, चिमूटभर तोंडात टाकायची. त्या दिवशी शेळीला नुसता भुसा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठली की अंगणात येऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जरा उभी राहायची, अंगाचा अंदाज घेतल्यासारखी. मग टोपलं शेळीपुढे सरकवायची.

"मी हाय," ती शेळीला सांगायची. "खा."